अण्णांचे वजन

शके १८९५, माघ वद्य तृतीया, शनिवार, अर्थात इसवी सन १९७४ च्या फेब्रुवारी महिन्याची नववी तारीख. स्थळ मिरज शहर, स्थानकाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावरील एका खासगी दवाखान्याची पुढची खोली. वेळ सकाळी दहाची. त्या समयी माझे वडील बंधू अनंतराव, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणत असू, एका हाताने धोतर व दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून वजनकाट्यावर उभे राहिले. कंपाउंडरने पट्टीवरचे लोखंडी वजन इकडून तिकडे सरकवले आणि एखादी क्षुल्लक बातमी सांगावी तसा आकडा सांगितला.

"साडेशेहेचाळीस."

डॉक्टर ऐनापुऱ्यांनी तो कागदावर लिहिला, त्याखाली रेघ ओढली आणि मला समोर बसवले.

"मास्तर, जठरातला व्रण औषधाच्या पलीकडे गेलाय. कापावाच लागेल. मुंबईचे सर्जन आमच्याकडे एकवीस तारखेला येतात, त्यानंतर थेट मे महिन्यात. पण ह्या अंगकाठीवर ते सुरी चालवणार नाहीत. वीस तारखेच्या संध्याकाळी ह्या काट्यावर मला अठ्ठेचाळीस दिसले पाहिजेत."

"आणि न दिसल्यास?"

"मेमध्ये आंबे तरी खायला मिळतील," अण्णा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. "मेपर्यंत पुन्हा एकदा रक्त पडलं, तर मी काही सांगू शकत नाही. तेव्हा खायला घाला. मऊ, ताजं, सौम्य. दर दोन तासांनी थोडं थोडं. समोर चंपाबाई मगदुमांची खानावळ आहे. माझे सगळे रोगी तिथलंच जेवतात. नुसतं व्रण म्हणून सांगा, काय शिजवायचं ते त्यांना माहीत आहे."

मी उठून उभा राहिलो. विट्याच्या हायस्कुलात बावीस वर्षे मराठी व संस्कृत शिकवीत असल्यामुळे कोणताही आक्षेप बसून घेण्याची मला सवय नव्हती.

"डॉक्टर, क्षमा असावी. खानावळीचे अन्न माझ्या बंधूंच्या मुखी पडणार नाही. माझे आक्षेप तीन आहेत. एक, खर्च. जो पदार्थ घरी नव्वद पैशांत होतो त्याला तेथे सव्वा रुपया पडतो, आणि वरचे पस्तीस पैसे कशाचे, हे कोणी सांगत नाही. दोन, आरोग्य. अण्णांनी पोस्टमास्तर म्हणून सव्वीस वर्षे गावोगावच्या खानावळी पालथ्या घातल्या. त्यांच्या जठराची आजची अवस्था हे त्याचे फळ आहे. तीन, शुद्धता. डोळ्यांआड कोणत्या हाताने, कोणत्या पाण्यात, कोणत्या दिवशी शिजवले, हे खाणाऱ्याला कधीच कळत नाही. घरी ते कळते."

"मग स्वयंपाक करणार कोण? वहिनी आल्यात?"

"थोरल्या मुलीचे दिवस भरत आले आहेत, माझी पत्नी तिला सोडून हलू शकत नाही. स्वयंपाक मी करणार."

अण्णांनी शेजारच्या बाकावरून डॉक्टरांकडे पाहिले. "लिहून ठेवा डॉक्टर, रोग्याची संमती घेतलेली नाही."

दैव असे विनोदी की रोग्यांच्या नातेवाइकांना भाड्याने मिळणाऱ्या खोल्या त्या चंपाबाईंच्याच होत्या, खानावळीच्या मागच्या अंगणाला लागून. बाई साठीच्या, ठेंगण्या, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेल्या. मी खोलीत स्टोव्ह, तांदळाची पिशवी, घरून आणलेले आजीच्या वेळचे पितळी पातेले आणि पाकशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक मांडू लागलो, तशा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"करायला येतंय का, मास्तर?"

"स्टोव्ह आहे, पुस्तक आहे."

"त्ये दिसतंयच. येतंय का इचारलं."

मी त्यांना माझे तिन्ही आक्षेप क्रमाने सांगितले व शेवटी म्हणालो, "बाई, माझा विरोध आपणास व्यक्तिशः नाही. तो खानावळ ह्या संस्थेस आहे."

"म्हंजी मी चांगली आन् माझं अन्न वंगाळ?"

"तसे नव्हे. आपले अन्न चांगले असेलही. परंतु ते सिद्ध नाही."

"आन् तुमचं सिद्ध हाय? अजून स्टोव्हला पिन मारली न्हाईसा." मग त्या अण्णांकडे वळल्या. "किती पैशांत बसवणार म्हणं तुमचं जेवण?"

"नव्वद पैसे," मी म्हणालो.

"रॉकेल धरून?"

"धरून."

"आन् तुमचा येळ?"

"माझ्या वेळेचे मूल्य मी धरलेले नाही."

"त्ये बरूबर केलासा," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. अण्णा इतके हसले की त्यांना पोट धरून खाटेवर बसावे लागले.

पुढचे सहा दिवस मी ज्या उत्साहात काढले, तसा उत्साह मला त्यापूर्वी केवळ एकदा, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी, झाला होता. पहाटे उठून मी विहिरीचे पाणी ओढीत असे. पातेले चिंच व राख लावून, वर बारीक वाळूचा हात देऊन, आतून आणि बाहेरून इतके घासत असे की त्यात तोंड दिसावे. पुस्तक उघडून भिंतीला टेकवीत असे, घड्याळ शेजारी ठेवीत असे आणि मग मुगाची खिचडी, गव्हाची लापशी, दुधातला मऊ भात, भोपळ्याचे भरीत, जे जे व्रणास हितकर म्हणून लिहिले होते ते ते क्रमाने सिद्ध करीत असे. पहिला भात तळाशी लागला. दुसरा वरून लागला, हे कसे झाले ते मला अद्याप कळलेले नाही. परंतु अण्णा प्रत्येक वाटी रिकामी करून परत देत.

"कसे झाले आहे?"

"झालंय," अण्णा म्हणत.

मंगळवारी आम्ही काट्यावर गेलो. कंपाउंडरने वजन सरकवले, मागे घेतले, पुन्हा सरकवले.

"शेहेचाळीस नऊशे."

चारशे ग्रॅम! तीन दिवसांत! मी भर दवाखान्यात अण्णांना मिठी मारली. परत येताना चंपाबाई उंबऱ्यावर भाजी निवडीत होत्या.

"चारशे ग्रॅम," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"अण्णांचे! घरच्या अन्नावर!"

त्यांनी निवडलेली पाने सुपात टाकली आणि अण्णांना खालून वर न्याहाळले. "काट्याकडं बघू नकासा, मास्तर. तोंडाकडं बघा त्येंच्या."

मी तो मत्सर समजलो. गुरुवारी काटा सत्तेचाळीस तीनशे दाखवू लागला. आता अंगणातल्या इतर खोल्यांत चर्चा सुरू झाली. शिरोळहून सासूला घेऊन आलेल्या एका शिक्षकाने माझ्याकडे खिचडीचे प्रमाण विचारले. जमखंडीकडचे एक गृहस्थ चंपाबाईंची बाजू घेऊन माझ्याशी अर्धा तास भांडले, आणि मी त्यांना खर्चाच्या मुद्द्यावर निरुत्तर केले. शुक्रवारी काटा सत्तेचाळीस सहाशे! केवळ चारशे ग्रॅम उरले आणि हातात पाच दिवस! मी त्या दुपारी घरी पत्र लिहिले. त्यात 'सिद्ध झाले आहे' हे शब्द दोनदा आले होते.

शनिवारी सकाळी मला वाटले की आता सौम्य अन्नात थोडी रुची आणण्यास हरकत नाही. ताकाला आपल्याकडे भूलोकीचे अमृत म्हणतात. मी सहा वाजता ताक घुसळले, बेसन लावून, आले ठेचून, जिऱ्याची फोडणी दिली आणि कढी सकाळी लवकर करून पातेल्यातच झाकून ठेवली, म्हणजे मुरेल. अकरा वाजता अण्णांना वाढली. त्यांनी वाटी तोंडाला लावली, थांबले, माझ्याकडे चमकून पाहिले.

"नीळू, ही तू केलीस?"

"का?"

"फार चांगली झालीय रे."

एका आठवड्यात प्रथमच त्यांनी आपण होऊन वाटी पुढे केली. मी दुसरी भरली. स्वतः मात्र दोनच घोट घेतले, कारण मला ती अण्णांसाठी उरवायची होती.

साडेअकरा वाजता अण्णांना पहिली उलटी झाली. बारापर्यंत पाच झाल्या. मीही माझे दोन घोट मोरीत ओकून टाकले. जमखंडीच्या गृहस्थांनी अण्णांना पाठुंगळी घेतले आणि आम्ही रस्ता ओलांडून धावलो.

डॉक्टरांनी सुई दिली, बाटली लावली, आणि माझ्याकडे वळून विचारले, "काय खाल्लं?"

"घरचे! सकाळचे! ताजे! डॉक्टर, मी शपथेवर सांगतो, बाहेरचा कणही नाही. दूध मी स्वतः तापवले, विरजण मी स्वतः लावले, भांडे मी स्वतः घासले."

"मग हे काय?"

तेवढ्यात दारात चंपाबाई उभ्या. त्यांच्या हातात माझे पितळी पातेले होते, तळाशी उरलेल्या कढीसकट. कढीवर हिरवट झाक आली होती.

"डॉक्टर, हे बघा. कळकलंय. पितळ उतरलंय कढीत."

त्यांनी कढी मोरीत ओतली, पातेले पाण्याने विसळले आणि उजेडाकडे तोंड करून माझ्यासमोर धरले. आतून ते सोन्यासारखे लखलखत होते. सबंध आठवडा मला त्याच लखलखाटाचा अभिमान होता.

"मास्तर, भांडं आतनं कसं असतंय?"

"स्वच्छ."

"पांढरं असतंय, पांढरं! कल्हईचं! ही कल्हई कुठं गेली?"

मी पातेल्याच्या तळावरून बोट फिरवले.

"कशानं घासत हुतासा?"

"चिंच. राख. आणि वर वाळू."

"किती येळा?"

"दिवसातून तीन वेळा."

चंपाबाईंनी पातेले खाली ठेवले. मला वाटले आता त्या बोलतील, माझे तिन्ही आक्षेप एकेक करून माझ्या पदरात घालतील. आणि तसे झाले असते तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "जुनी कल्हई, पातळ झालेली आसंल. बायकूनं कदी वाळू लावू दिली नसती." एवढेच. आमच्या घरात वर्षातून दोनदा कल्हईवाला येत असे, हे मला ठाऊक होते. तो का येतो, हे मी शब्दकोशात पाहावे इतक्याच जिज्ञासेने पाहिले होते.

रविवारी सकाळी अण्णांना दोघांनी धरून काट्यावर उभे केले.

"पंचेचाळीस नऊशे."

ऐनापुऱ्यांनी आकडा लिहिला, पण ह्या वेळी रेघ ओढली नाही. "चार दिवस आहेत, मास्तर. दोन किलो शंभर. मी खोटी आशा दाखवत नाही."

ते गेल्यावर मी अण्णांच्या खाटेशी बसलो. दुःख हे माझ्या बुद्धीला कधी बंद करू शकत नाही. ती त्या वेळीही आकडेमोड करीत होती.

"अण्णा, शुक्रवारी सत्तेचाळीस सहाशे. आज पंचेचाळीस नऊशे. एक किलो सातशे ग्रॅम. पाच उलट्यांत एवढे वजन जात नाही. डॉक्टरांचा काटा बिघडला असला पाहिजे."

अण्णांनी डोळे मिटले होते. "काटा ठीक आहे."

"मग?"

"सहाशे ओकलो असेन. उरलेलं पाणी होतं."

"कोणते पाणी?"

"काट्यावर जायच्या आधी प्यायचो. मंगळवारी अर्धा तांब्या. गुरुवारी एक. शुक्रवारी दीड."

मला प्रथम शब्दांचा अर्थच लागेना. "आणि जेवण? वाट्या तर रिकाम्या होत असत!"

"आपल्या खिडकीखाली चंपाबाईंचं रेडकू बांधलेलं असतं ना," अण्णा म्हणाले, "त्याला काट्यावर चढवा. घरच्या अन्नाचा गुण तिथं दिसेल."

"अण्णा!"

"अरे, तुझा भात वर पेज आणि खाली डांबर. घशाखाली उतरेना. काय करू? त्यातल्या त्यात कढी खरंच सुरेख झाली होती, म्हणून प्यालो." ते हसू लागले आणि पोट दुखले म्हणून थांबले.

"मग तुम्ही मला सांगितले का नाही? मी अन्न बदलले असते! मी... अण्णा, तुमच्या जिवाचा प्रश्न होता!"

अण्णांनी डोळे उघडले. "मंगळवारी तू मला मिठी मारलीस, नीळू. तू मॅट्रिकला पहिला आलास तेव्हा मारली होतीस, त्यानंतर ती पहिलीच."

मी खिडकीकडे पाहिले. माझ्या शिक्षणासाठी सतराव्या वर्षी ज्याने टपालखात्यात नाव घातले, लग्न केले नाही, आणि ज्याला माझ्या घरी वर्षातून दोन सणांखेरीज जेवायला बोलवायचे मला सुचले नाही, त्याला मला एकदा तरी घरचे अन्न पोटभर घालायचे होते. माझ्या तीन आक्षेपांच्या मागे हा चौथा होता आणि तो मी डॉक्टरांना, चंपाबाईंना, स्वतःलाही सांगितला नव्हता.

"खानावळींनी तुमचे पोट जाळले," मी कसाबसा म्हणालो. "तेवढे भरून काढायचे होते."

"वेडा आहेस. पोट माझ्या तंबाखूनं आणि जागरणानं जाळलं. सव्वीस वर्षं मला कुणी जगवलं? ह्याच बायकांनी. ताप आला तर पेज कोण देत होतं? पोस्टखातं?" त्यांनी हात उचलून रस्त्यापलीकडे केला. "जा. तिला सांग. मला भूक लागलीय."

मी रस्ता ओलांडला आणि आठ दिवसांत प्रथमच त्या खानावळीच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवले. मी तेथे दोष शोधण्याच्या सवयीने पाहिले, हे कबूल करतो. हंड्याच्या तोंडावर दुपदरी धडपे बांधलेले होते व पाणी त्यातून गाळून पडत होते. पातेली फळीवर पालथी नव्हती, उताणी होती. प्रत्येकाचा तळ दुधासारखा पांढरा. शिळे काही दिसेना.

"कालचे उरलेले कोठे ठेवता?" मी विचारले.

"उरलेलं?" चंपाबाई चुलीवरून न वळता म्हणाल्या. "आमी जैन, मास्तर. दिस मावळला की चूल बंद. जे ऱ्हाईल ते जनावराला. उद्याला कायबी ठेवत न्हाई." मग वळल्या. "आता सांगा, कुठला आक्षेप ऱ्हायला?"

"खर्चाचा."

"सव्वा रुपया."

"द्यायला तयार आहे."

"मग बाजूला व्हा. पेज उतू जातीय."

ते चार दिवस! चंपाबाई दर दोन तासांनी स्वतः वाटी झाकून नेत: पेज, मग दुधातला फुलका कुस्करून, मग मऊ भात आणि लोणी, मग उकडलेला भोपळा. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून असे. मला आत जाण्यास कोणी मनाई केली नव्हती. ती मीच मला केलेली होती. सोमवारी काटा शेहेचाळीस तीनशे. मंगळवारी शेहेचाळीस सातशे. अंगणातल्या सर्व खोल्या आता वजनाच्या वेळी दवाखान्यात लोटू लागल्या. जमखंडीचे गृहस्थ तर प्रत्येक आकड्याला आपल्या मांडीवर थाप मारीत.

बुधवार, वीस तारीख, संध्याकाळ. चंपाबाईंनी दिवस मावळायच्या आत शेवटची वाटी दिली होती. दवाखान्याची पुढची खोली भरून माणसे खिडकीत उभी होती. अण्णा काट्यावर चढले. कंपाउंडरने वजन हळूहळू सरकवले. पट्टी डुचमळली, वर गेली, खाली आली आणि अगदी सरळ थांबली.

"अठ्ठेचाळीस!"

खोलीत एकच गलका झाला. शिरोळच्या शिक्षकाने टाळ्या पिटल्या. चंपाबाईंनी पदराने तोंड झाकले, आणि त्या रडत आहेत की हसत आहेत हे कळेना. ऐनापुऱ्यांनी पेन उघडले. "अभिनंदन, मास्तर! नाव उद्याच्या यादीत—"

आणि त्या आनंदाच्या ऐन मध्यभागी माझी अभागी बुद्धी वजाबाकी करीत होती. काल शेहेचाळीस सातशे. आज अठ्ठेचाळीस. एका दिवसात एक किलो तीनशे. मी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी मान किंचित हलवली: बोलू नकोस.

मी जवळ जाऊन त्यांच्या कानाशी विचारले, "किती?"

"एक तांब्या," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "आणि थोडं वर. नीळू, मला मेपर्यंत थांबायचं नाही. मी थांबणार नाही, मला माहीत आहे. गप्प राहा."

डॉक्टरांचे पेन कागदावर टेकले होते. मी गप्प राहिलो असतो तर त्या खोलीतल्या एकाही माणसाने मला कधी दोष दिला नसता. ते मला अवघड गेले, हे सांगितले पाहिजे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे युक्तिवाद खोडले होते, माझ्या बाजूचा असा कधी खोडला नव्हता.

"डॉक्टर, लिहू नका," मी म्हणालो. "हा आकडा खरा नाही. ते पाणी प्याले आहेत. मागच्या आठवड्याचे आकडेही खोटे होते. ती वाढ माझ्या स्वयंपाकाची नव्हती, तांब्याची होती. मी खानावळीविरुद्ध जे जे बोललो ते त्या आकड्यांवर बोललो. सुरी चालवायची तर खऱ्या वजनावर चालवा. नाही तर चालवू नका."

जमखंडीचे गृहस्थ पुटपुटले, "काय माणूस हो हा! जिंकलेला डाव!" चंपाबाईंनी मात्र अण्णांचा हात धरून त्यांना काट्यावरून उतरवले.

"सकाळी सहा वाजता," डॉक्टर म्हणाले. "पोटात पाण्याचा थेंबही न घालता. आणि आज रात्री रोगी माझ्या नजरेसमोर झोपेल."

गुरुवारी पहाटे सहाला त्या खोलीत आम्ही पाचच जण होतो. कंपाउंडरचा आवाजही बारीक झाला होता.

"सत्तेचाळीस शंभर."

ऐनापुऱ्यांनी अण्णांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, जीभ पाहिली, नाडीवर घड्याळ धरून पूर्ण दोन मिनिटे मोजली. मग कागद उचलला व सर्जन उतरले होते त्या आतल्या खोलीत गेले. दार लागले.

आम्ही बाकावर बसलो. अण्णा मध्ये, मी एका बाजूला, चंपाबाई दुसऱ्या. आतून इंग्रजीत बोलणे ऐकू येत होते, शब्द लागत नव्हते. त्या पंधरा मिनिटांत मी बाकाच्या फळ्या सतरा वेळा मोजल्या. त्यावरून अण्णा पुढची एकवीस वर्षे माझी थट्टा करीत असत.

"नीळू," ते म्हणाले, "नको म्हणाले तर तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"मी खरे बोलायला नको होते का, अण्णा?"

"तुला दुसरं येतं काय?"

"सैपाक तर येत न्हाईच," चंपाबाई म्हणाल्या.

दार उघडले. ऐनापुरे बाहेर आले, आणि त्यांनी प्रथम अण्णांकडे नव्हे तर माझ्याकडे पाहिले.

"सर्जनना खरा आकडा सांगितला. अठ्ठेचाळीस नाहीत, हेही सांगितलं. आणि हेही सांगितलं, की हा माणूस चार दिवसांत बाराशे ग्रॅम चढला, खरंच चढला, आणि खाल्लेलं पचवतोय. नऊ वाजता घेतायत." मग त्यांनी बोट आमच्या दोघांकडे, आधी चंपाबाईंकडे आणि नंतर माझ्याकडे, रोखले. "ऑपरेशननंतर तीन आठवडे स्वयंपाक ह्यांचा. मास्तर, तुम्ही फक्त वाढायचं."